पोटगीचा अर्ज: शपथपत्रापासून वसुलीपर्यंत

पोटगीच्या प्रकरणात कोण किती वाईट वागलं याची चर्चा पक्षकार तासन्‌तास करतात. अंतरिम, म्हणजे प्रकरण चालू असेपर्यंतची पोटगी ठरवताना न्यायाधीश मात्र दुसरंच शोधत असतात. दोघांकडे महिन्याला किती पैसा येतो, दोघांचा खर्च किती आहे आणि यातलं कागदावर काय दिसतं, एवढंच त्यांना हवं असतं. या टप्प्यावर सहसा उलटतपास होत नाही. शपथपत्रं, सोबतचे कागद आणि वकिलांचा युक्तिवाद यांवरच आदेश होतो. म्हणून आकड्यांचं काम पहिल्या तारखेच्या आधी झालेलं हवं. नंतर कागद दाखल करता येतात, पण तोवर आदेश होऊन गेलेला असतो आणि तो बदलून घ्यायला पुन्हा वर्ष जातं.

कोणत्या कलमाखाली मागायचं

पोटगी एकाच कायद्यात नाही. विवाह हिंदू विवाह कायद्याखाली झाला असेल तर तीन रस्ते नेहमी वापरले जातात.

पहिला रस्ता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. जुनं कलम १२५ म्हणजे हेच. १ जुलै २०२४ पासून आकडा बदलला. ते सगळ्या धर्मांना लागू आहे. पत्नी, मुलं आणि आईवडील या कलमाखाली मागू शकतात, पती मागू शकत नाही. इथे ‘पत्नी’मध्ये पुनर्विवाह न केलेली घटस्फोटितही येते. मुस्लिम घटस्फोटित स्त्रीलाही हा मार्ग खुला असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

दुसरा रस्ता हिंदू विवाह कायद्याचं कलम २४, म्हणजे घटस्फोट, नांदवण्याचा दावा किंवा विवाह रद्द करण्याचा अर्ज चालू असेपर्यंतची अंतरिम पोटगी आणि कोर्टखर्च. निकालाच्या वेळी किंवा नंतर कायमची पोटगी मागायची ती कलम २५ खाली. ही दोन्ही कलमं पती-पत्नी दोघांसाठी आहेत. नांदेडच्या एका प्रकरणात शिक्षिका असलेल्या पत्नीने घटस्फोटित पतीला दरमहा ३,००० रुपये अंतरिम पोटगी द्यावी, हा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये कायम ठेवला.

तिसरा रस्ता कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५. कलम २० खाली पैसे आणि कलम १९ खाली राहण्याचा हक्क किंवा पर्यायी घराचं भाडं मागता येतं. डोक्यावरचं छप्परच जाणार असेल तर हा रस्ता आधी धरा. घर सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्यावरून सुनेला बाहेर काढता येत नाही. ते ‘सामायिक घर’ ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये म्हटलं आहे.

यातले दोन रस्ते एकाच वेळी चालवता येतात, आणि अनेकदा चालवावेत. कलम २४ ची पोटगी मूळ दाव्यावर टेकलेली असते. समोरच्याने घटस्फोटाचा अर्ज काढून घेतला की पुढच्या महिन्यांची पोटगीही थांबते, मागची थकबाकी तेवढी उरते. कलम १४४ चा अर्ज स्वतःच्या पायावर उभा असतो. पण प्रत्येक अर्जात आधीच्या प्रकरणांची आणि आदेशांची माहिती द्यावीच लागते. ती लपवली तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला ती काढून दाखवतो आणि मग खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही उडतो.

एक सापळा गावाकडे फार दिसतो. पंचांसमोर स्टॅम्प पेपरवर ‘आम्ही राजीखुशीने वेगळे होत आहोत’ असं लिहून नोटरी करतात. हिंदू विवाह अशा कागदाने मोडत नाही. सिद्ध करता येणारी जुनी रूढी हा अपवाद दुर्मिळ. विवाह कायम असताना परस्परसंमतीने वेगळं राहणाऱ्या पत्नीला मात्र कलम १४४ ची पोटगी नाकारता येते. म्हणजे घटस्फोट मिळत नाही आणि पोटगीवर पाणी सोडल्यासारखं होतं. असा कागद झालाच असेल तर तो कोणत्या दबावाखाली झाला आणि त्यानंतर काय घडलं, हे अर्जातच मांडा.

अर्ज कुठे आणि खर्च किती

मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी कौटुंबिक न्यायालय आहे. जिथे नाही तिथे कलम १४४ चा अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आणि हिंदू विवाह कायद्याचा अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे जातो. माहेरी राहत असाल तर कलम १४४ चा अर्ज माहेरच्या तालुक्याच्या न्यायालयातही करता येतो.

महाराष्ट्रात पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. शिवाय विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा.

समन्सची बजावणी हा सगळ्यात कंटाळवाणा टप्पा. महिनोन्‌महिने इथेच जातात. समोरच्याचा घरचा पत्ता, नोकरीचा पत्ता आणि ई-मेल असे तिन्ही अर्जात द्या. ‘दार बंद’ असा शेरा मारून बेलिफ परतला तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी नोंदणीकृत टपालाने किंवा दारावर चिकटवून बजावणी करण्याची परवानगी मागा.

शपथपत्र: सगळा डाव इथे

४ नोव्हेंबर २०२० चा ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पोटगी मागणाऱ्याने आणि देणाऱ्यानेही माहीत करून घ्यावा. प्रकरण आपल्या नागपूरचं. अर्ज २०१३ चा. कौटुंबिक न्यायालयाने २०१५ मध्ये पत्नीला दरमहा १५,००० आणि मुलाला आधी ५,००० व पुढे १०,००० अशी अंतरिम पोटगी ठरवली आणि तो वाद दिल्लीला जाऊन संपायला सात वर्षं लागली. अंतरिम पोटगीला! त्या निकालात न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले:

- दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं ठरावीक नमुन्यातलं शपथपत्र द्यायचं. नमुना निकालाच्या शेवटी जोडलेला आहे.
- अर्जदाराने ते अर्जासोबत द्यायचं, समोरच्याने जास्तीत जास्त चार आठवड्यांत.
- त्यासाठी दोनपेक्षा जास्त तारखा नाहीत. मुद्दाम टाळाटाळ केली तर समोरच्याचा बचाव काढून टाकता येतो, म्हणजे त्याचं म्हणणं विचारात घेतलं जात नाही.
- शपथपत्रं आल्यावर चार ते सहा महिन्यांत अंतरिम अर्जाचा निकाल.
- पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आदेशाच्या तारखेपासून नाही.

प्रत्यक्षात चार आठवड्यांचे चार महिने होतात. दुसरी तारीख गेल्यावर ‘बचाव काढून टाकावा’ असा लेखी अर्ज दिला की शपथपत्र बहुधा पुढच्या तारखेला येतं. तोंडी तक्रार केली तर ती रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत, उतरेलच असं नाही.

नमुना दोन प्रकारचा आहे: एक नोकरी-व्यवसायवाल्यांसाठी, दुसरा शेतीवर जगणाऱ्यांसाठी. शेतकऱ्याच्या नमुन्यात जमीन किती, जिरायत की बागायत, पीक कोणतं, जनावरं, दूधधंदा, कर्ज अशी माहिती द्यावी लागते. आपल्याकडे वकील सरसकट पहिलाच नमुना भरतात आणि ‘उत्पन्न: शेती, अनियमित’ एवढं लिहून मोकळे होतात. समोरचा बागायतदार असेल तर दुसऱ्या नमुन्याचा आग्रह धरा.

स्वतःचं शपथपत्र भरताना खर्चाचे आकडे फुगवू नका. ‘महिन्याचा किराणा २५,०००’ असं लिहून सोबत पावती एकही नसली तर बाकीच्या खऱ्या आकड्यांचीही किंमत जाते. घरभाडं, वीज, गॅस, किराणा, औषधं, मुलांची फी, रिक्षा-बसचं भाडं असा तपशील लिहा आणि तीन महिन्यांची बिलं किंवा खात्याचे उतारे जोडा. स्वतः कमावत असाल तर लिहाच. थोडंफार उत्पन्न असलं म्हणून पोटगी नाकारता येत नाही, आणि कमावण्याची पात्रता असणं व प्रत्यक्ष कमावणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. शिकवणीचे ८,००० लिहिल्याने फार बिघडत नाही. लपवलेले ८,००० पासबुकात सापडले की प्रकरणच बिघडतं, कारण खोट्या शपथपत्राबद्दल फौजदारी कारवाईचीही वाट मोकळी होते.

नमुन्यात एक रकाना समोरच्याच्या उत्पन्नाबद्दल तुम्हाला असलेल्या माहितीचा आहे. बहुतेक जण तो कोरा सोडतात किंवा ‘भरपूर’ असं लिहितात. खरं तर पुढच्या सगळ्या मागण्यांचा पाया तोच.

समोरच्याचं उत्पन्न कागदावर आणणं

नोकरदाराच्या बाबतीत काम सोपं आहे: पगारपत्रकं, फॉर्म १६, तीन वर्षांची विवरणपत्रं, बँकेचे उतारे. नोटीस मिळाल्यावर ‘राजीनामा दिला’ असं सांगितलं जातं तेव्हा राजीनाम्याची तारीख आणि अर्जाची तारीख शेजारी शेजारी ठेवा. धडधाकट माणसाने बेरोजगारीचं कारण सांगून सुटू नये, हे न्यायालयांचं ठाम मत आहे. गरज पडली तर अंगमेहनत करून पत्नी-मुलांना पोसावं, इतकं स्पष्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिहिलं आहे.

शेतकऱ्यासाठी सातबारा, आठ-अ आणि फेरफार महाभूलेखवर दिसतात. पण खरं उत्पन्न सातबाऱ्यावर नसतं. साखर कारखान्याचं ऊसबिल, दूध संस्थेचं दहा-पंधरा दिवसांचं बिल, बाजार समितीतल्या अडत्याची पट्टी, सोसायटीचं पीककर्ज यांतून ते दिसतं. अर्जाच्या सुमारास जमीन भावाच्या किंवा आईच्या नावावर झाली असेल तर फेरफाराची तारीख बोलते.

दुकानदार आणि ठेकेदार सगळ्यात अवघड. विवरणपत्रात चार लाख, दारात गाडी बारा लाखांची. इथे जीएसटीची विवरणं, चालू खात्याची उलाढाल, कर्ज घेताना बँकेला दिलेलं उत्पन्नाचं पत्रक, गाडीचा हप्ता, मुलांच्या शाळेची फी, क्लबचं सभासदत्व हे सगळं एकत्र मांडावं लागतं. कर्जाच्या अर्जात माणूस स्वतःचं उत्पन्न कमी दाखवत नाही. तो कागद मागवाच.

मागवायचा कसा? माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा मोह होतो. त्यात वेळ घालवू नका. विवरणपत्र आणि नोकरीची कागदपत्रं ही वैयक्तिक माहिती असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटल्यापासून असे अर्ज बहुधा फेटाळले जातात. त्यापेक्षा न्यायालयातच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ खाली कागद हजर करण्याचा अर्ज द्या, किंवा मालकाला, बँकेला, कारखान्याला साक्षी-समन्स काढायला सांगा. अर्जात खातं क्रमांक, शाखा, कालावधी अचूक हवा. ‘सर्व बँक खात्यांचे उतारे’ अशी मोघम मागणी नामंजूर होते. समोरचा कागद देतच नसेल तर त्याच्याविरुद्ध अनुमान काढण्याची विनंती युक्तिवादात लेखी करा.

व्हॉट्सॲपचे संदेश किंवा ई-मेल देणार असाल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लावा. कौटुंबिक न्यायालय पुराव्याच्या काटेकोर नियमांना बांधलेलं नसतं हे खरं, पण कागद नीट असला की वादाला जागा उरत नाही.

आकडा कसा ठरतो

‘पगाराच्या एक तृतीयांश’ असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य मानली. तेव्हापासून युक्तिवादात ती मोजपट्टी म्हणून वापरतात, पण ती बंधनकारक नाही. मुलं कोणाकडे आहेत, घर कोणाकडे आहे, पत्नी कमावते का, आईवडील खरंच अवलंबून आहेत का, विवाहात राहणीमान कसं होतं, यावर आकडा खालीवर होतो.

टक्क्यांपेक्षा ‘निव्वळ’ म्हणजे काय यावर भांडा. एक हिशेब बघा. पगार ८०,०००. सक्तीची कपात म्हणजे पीएफ ४,८०० आणि व्यवसाय कर २००, मिळून ५,०००. निव्वळ ७५,०००. पगारपत्रकात मात्र हातात ४४,००० दिसतात, कारण सेवक पतसंस्थेचा हप्ता १७,०००, स्वेच्छेचा जादा पीएफ ८,००० आणि विमा ६,००० कापला जातो. पंचवीस टक्के धरले तर ७५,००० वर १८,७५० होतात आणि ४४,००० वर ११,०००. महिन्याला ७,७५० चा, वर्षाला ९३,००० चा फरक. न्यायालयं सक्तीची कपातच वजा करतात. स्वतःहून घेतलेलं कर्ज आणि केलेली बचत सहसा वजा होत नाही. पतसंस्थेचं कर्ज नोटीस मिळाल्यानंतर काढलेलं असेल तर त्याची मंजुरीची तारीख पतसंस्थेकडून मागवा. उलट, पत्नी-मुलं राहतात त्याच घराचा हप्ता पती भरत असेल तर तो विचारात घेतला जातो आणि घ्यायलाही हवा.

बातम्यांतले कोटींचे आकडे डोक्यात ठेवून वाटाघाटीला बसू नये. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात पत्नीला ५ कोटी आणि मुलाला १ कोटी दिले, दुसऱ्यात १२ कोटी. पण त्या दुसऱ्या निकालातच बजावलं आहे की विभक्त झाल्यावर पतीची भरभराट झाली म्हणून त्याच्या आजच्या संपत्तीशी बरोबरी मागता येत नाही. पाया विवाहातल्या राहणीमानाचा.

मुलांची पोटगी वेगळ्या ओळीत मागा, पत्नीच्या रकमेत मिसळू नका. आईने पुनर्विवाह केला किंवा तिला नोकरी लागली तरी मुलाची रक्कम तशीच राहते. शाळेची फी, गणवेश-पुस्तकं, मोठा वैद्यकीय खर्च यांसाठी ‘प्रत्यक्ष पावतीप्रमाणे अमुक टक्के, शाळेच्या खात्यात थेट’ अशी अट मागणं चांगलं. आईही कमावत असेल तर दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटा पडतो. कलम १४४ खाली मुलांची पोटगी साधारण अठराव्या वर्षी थांबते. अविवाहित मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर हिंदू दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम २० खाली पुढेही मागू शकते, मात्र अर्ज त्या कायद्याखाली हवा.

आदेश हातात पडल्यावर

नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्या आणि आदेशाचा शेवटचा परिच्छेद बारकाईने वाचा. पाच गोष्टी त्यात हव्यात: रक्कम, कोणत्या तारखेपासून, दर महिन्याच्या कितव्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात आणि दुसऱ्या प्रकरणातल्या पोटगीशी मेळ कसा. शेवटची गोष्ट हमखास सुटते. हिंसाचार कायद्याखाली ८,००० चालू असताना कलम २४ खाली १२,००० चा आदेश झाला, तर एकूण द्यायचे १२,००० की २०,०००? ‘आधीचे ८,००० यात धरून’ असं लिहिलं असेल तर वरचे ४,००० च द्यायचे. काहीच लिहिलं नसेल तर दोन वर्षं वसुलीत हाच वाद चालतो. दुरुस्तीचा छोटा अर्ज लगेच द्या.

थकबाकीचा तक्ता त्याच आठवड्यात करून ठेवा. अर्ज १० जून २०२३ चा, आदेश १० ऑगस्ट २०२५ चा, रक्कम १२,००० असेल तर २६ महिन्यांचे ३,१२,००० आधीच साचलेले आहेत. मिळालेला प्रत्येक रुपया तारखेसह वजा करत जा. पैसे देणाऱ्यानेही बँकेतूनच द्यावेत. हातात दिलेले रोख पैसे आणि ‘मुलाला सायकल घेऊन दिली’ हे न्यायालयात मोजलं जात नाही.

कौटुंबिक न्यायालयाच्या कलम १४४ च्या अंतिम आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात फेरतपासणी अर्ज होतो. नुसता अर्ज दाखल केल्याने पोटगी थांबत नाही, स्थगिती मिळवावी लागते, आणि थकबाकीचा मोठा हिस्सा जमा केल्याशिवाय ती सहसा मिळत नाही.

वसुली

आदेश मिळवणं निम्मं काम. पैसे आले नाहीत तर कलम १४४ च्या आदेशासाठी वसुलीचा अर्ज, दिवाणी आदेशासाठी दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज. दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

कलम १४४ मध्ये मुदत महत्त्वाची. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर त्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही. ‘तो देईल’ म्हणून दोन वर्षं वाट बघणाऱ्या बायकांचं इथेच नुकसान होतं. दर दहा महिन्यांनी नवा वसुली अर्ज टाका, आधीचा चालू असला तरी. वॉरंट निघून पैसे आले नाहीत तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात जाऊन आल्याने देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगून ठेवलं आहे. तरी ‘आत बसतो, पण पैसे देत नाही’ म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी जप्ती जास्त परिणामकारक.

पगारदार असेल तर मालकाकडून थेट कपात मागा. हिंसाचार कायद्याच्या कलम २०(६) मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. नांदेडच्या त्या प्रकरणातही थकबाकीपोटी शिक्षिकेच्या पगारातून दरमहा ५,००० कापून पाठवायला मुख्याध्यापकांना सांगितलं होतं. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगाराचा बराच भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र एक तृतीयांशच सुरक्षित राहतो, बाकीवर जप्ती येऊ शकते. दरखास्तीत मालकाचं पूर्ण नाव, पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याचं पद आणि पत्ता लिहा. नुसतं कंपनीचं नाव लिहिलं की कागद तिथल्या टपालात हरवतो.

पगार नसेल तर स्थावर मालमत्ता. कलम २५ खालच्या पोटगीचा बोजा मालमत्तेवर ठेवता येतो. निकालाच्या वेळीच तो मागा आणि आदेशाची नक्कल तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद करून घ्या. फ्लॅट असेल तर सोसायटीला लेखी कळवा. विक्री झाल्यावर धावण्यापेक्षा हे स्वस्त.

पती अमेरिकेत असेल तर तिथे आपला हुकूमनामा थेट बजावता येत नाही, कारण अमेरिका भारताच्या परस्पर अंमलबजावणीच्या यादीत नाही. ब्रिटन, सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिराती त्या यादीत आहेत. म्हणून न्यू जर्सीतल्या पगारामागे लागण्याआधी पुण्यातला फ्लॅट, इथल्या ठेवी आणि वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा बघा.

संमतीने घटस्फोट घेताना

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली अर्ज करायला किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या आणि दुसऱ्या अर्जातला सहा महिन्यांचा काळ न्यायालय माफ करू शकतं. पैशांची खरी सुरक्षितता संमतीच्या अटींमध्ये असते. एकरकमी रक्कम ठरली असेल तर काही भाग पहिल्या अर्जाच्या वेळी आणि उरलेला दुसऱ्या अर्जाच्या दिवशी न्यायालयात डिमांड ड्राफ्टने घ्या. पुढच्या तारखांचे धनादेश घेऊ नका. हुकूमनामा झाल्यावर हप्ते थांबले की पुन्हा दरखास्त आली.

स्त्रीधनाची यादी वजनासकट अटींना जोडा: दागिना, ग्रॅम, कोणी दिला, आज कोणाकडे. ‘सर्व स्त्रीधन मिळाले’ या ओळीवर वस्तू हातात आल्यावरच सही करा. ‘पोटगीचा हक्क कायमचा सोडत आहे’ ही ओळही सवयीने टाकली जाते. कलम १२५ च्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाने असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध मानला आहे, आणि मुलाचा हक्क आईला सोडताच येत नाही. तेव्हा देणाऱ्यानेही त्या ओळीवर विसंबू नये.

घराचा भाग सगळ्यात जास्त फसतो. आपल्याकडे गोव्यासारखा अपवाद सोडला तर विवाहामुळे संपत्ती आपोआप निम्मी होत नाही. नाव कोणाचं आणि पैसे कोणी भरले यावर ठरतं. दोघांच्या नावावर कर्ज असेल तर अटींमध्ये ‘यापुढे हप्ते पती भरेल’ असं लिहून बँक बांधली जात नाही. त्याने हप्ता चुकवला की पत्नीचा सिबिल स्कोअर पडतो आणि नोटीस तिलाही येते. म्हणून बँकेकडून सहकर्जदार म्हणून नाव कमी केल्याचं पत्र, मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र, मग सोसायटीच्या भागपत्रावर नोंद, असा क्रम ठेवा. निवासी घराचं बक्षीसपत्र पती-पत्नीमध्ये असेल तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. घटस्फोटानंतर ते नातं उरत नाही, म्हणून दस्त हुकूमनाम्याच्या आधी करायचा की नंतर हे वकील आणि सनदी लेखापाल दोघांना विचारून ठरवा.

करातही फरक पडतो. एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची मानली जाते आणि तिच्यावर प्राप्तिकर लागत नाही. दरमहा येणारी पोटगी उत्पन्न धरली जाते. देणाऱ्याला दोन्हींत वजावट नाही.

पीएफ, विमा आणि बँक खात्यांवरची नामनिर्देशनं घटस्फोटाने आपोआप रद्द होत नाहीत. हुकूमनाम्याची नक्कल मिळाली की ती बदला.

गोव्यात चित्र वेगळं. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कौटुंबिक कायद्याप्रमाणे, विवाहापूर्वी नोंदणीकृत करार केला नसेल तर संपत्ती दोघांच्या सामायिक मालकीची होते आणि विभक्त होताना निम्म्याचा हक्क पोटगीपासून वेगळा असतो. या व्यवस्थेतल्या जोडप्यांचं पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न प्राप्तिकर कायद्याखाली दोघांत समान वाटलं जातं. त्यामुळे समोरच्याच्या विवरणपत्रातला आकडा वाचताना निम्मं उत्पन्न तुमच्या विवरणपत्रात आलं आहे का, ते तपासा.

रक्कम बदलून घेणं

पोटगी दगडावरची रेघ नाही. पगार वाढला, मुलाने अभियांत्रिकीला प्रवेश घेतला, देणाऱ्याची नोकरी गेली किंवा घेणारीला चांगली नोकरी लागली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ किंवा हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५(२) खाली बदल मागता येतो. बदल सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावर असतो, आणि महागाई वाढली एवढं म्हणणं पुरत नाही. मूळ आदेशाच्या वेळचा आणि आजचा असे दोन्ही आकडे समोरासमोर द्यावे लागतात. हा त्रास टाळायचा तर पहिल्याच अर्जात ठरावीक वाढ मागा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरमहा ५०,००० कायमची पोटगी देताना दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ जोडली. संमतीच्या अटींमध्येही तसं कलम घालता येतं. पुनर्विवाह झाला तरी देणाऱ्याने स्वतःच्या मनाने पैसे थांबवू नयेत. अर्ज देऊन आदेश रद्द करून घ्यावा आणि तोवरची थकबाकी शून्य ठेवावी.